बहाई प्रदर्शनात टेबल मांडताना

‘मी बहाई नाही, मग मला टेबल मिळेल का?’ बहाई मंडळींच्या कला-हस्तकला प्रदर्शनाचं निमंत्रण आलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच असतो. सहसा मिळतं. अशी प्रदर्शनं भरवायची तीच मुळी शेजारपाजारच्यांना एकत्र आणायला. बालवर्गाला येणाऱ्या मुलांच्या आया, सोसायटीतल्या काकू, कॉलेजात शिकणारी चित्रकार पोरं, सगळ्यांना धरूनच यादी होते. दुसरा प्रश्न कुणी तोंडावर विचारत नाही, पण मनात असतो: तिथे गेल्यावर धर्म गळ्यात पडणार का? धर्मांतरासाठी कुणाच्या मागे लागणं बहाईंना मना आहे. तुम्ही विचारलंत तर ते आवडीने आणि बराच वेळ सांगतील. नाही विचारलंत तर चहा आणून देतील आणि तुमच्या गोधडीच्या टाक्यांबद्दल बोलतील.

तिसरा प्रश्न मात्र खरंच विचारायला हवा आणि तोच राहून जातो. न्यायचं काय?

माझं मत ठाम आहे: रोज जे करता तेच न्या. प्रदर्शन ठरलं की नवखा कारागीर काहीतरी ‘बहाई’ करायला बसतो. दिल्लीचं कमळाच्या आकाराचं उपासना मंदिर सगळ्यांनी पाहिलेलं असतं, निदान फोटोत तरी. फरिबोर्झ सहबा या इराणी वास्तुविशारदाने आखलेलं, डिसेंबर 1986 मध्ये अर्पण सोहळा झालेलं, 27 संगमरवरी पाकळ्यांचं. मग कमळाची किचेन, कमळाची पणती, कमळाचं तोरण. एकाच हॉलात तीन टेबलांवर तीच पाकळी दिसली की चौथ्या टेबलापर्यंत पोचेस्तोवर बघणारा कंटाळलेला असतो. शिवाय त्याच्या घरी असल्या दहा भेटवस्तू आधीच धूळ खात पडलेल्या असतात, हे तो सभ्यपणामुळे सांगत नाही.

खुद्द बहाई काय करतात ते बघा. बिहार शरीफच्या उपासना मंदिराच्या आराखड्यात मिथिला लोककलेची नक्षी घेतली आहे. पापुआ न्यू गिनीतल्या पोर्ट मोर्झबीचं मंदिर तिथल्या विणकामावरून सुचलं. जिथे मंदिर उभं राहायचं तिथल्या हातांच्या कामालाच त्यांनी मान दिला. मग पुण्या-मुंबईच्या किंवा पाचगणीच्या प्रदर्शनात वारली चित्र, खणाच्या कापडाची पिशवी, सावंतवाडीची लाकडी फळं, बांबूची सूप-टोपली परकी कशी ठरतील?

याच जोडीचा आणखी एक गैरसमज म्हणजे महाराष्ट्रातले बहाई सगळे इराणी. इराणी घराणी आहेत, जुनी आहेत. मुंबईत बहाई विचार 1870च्या दशकात पोचला आणि पुढे इराणातून आलेल्या कुटुंबांनी इथे बस्तान बसवलं. पाचगणीत 1945 मध्ये सुरू झालेल्या न्यू एरा शाळेत देशोदेशीची मुलं शिकून गेली. पण आज हॉलात तुमच्यासमोर उभं राहणारं बहाई कुटुंब अस्सल मराठी बोलणारं, गावाकडे शेती असलेलं असण्याची शक्यता भरपूर असते. इराणी गालिच्याची नक्षी छापलेली उशी बघून ते खूश होतील असं गृहीत धरू नका.

या मंडळींची हातांच्या कामाकडे बघायची नजर वेगळी का, तेही समजून घेतलेलं बरं. बहाई धर्माचे संस्थापक बहाउल्लाह यांच्या ‘किताब-ए-अकदस’ या धर्मग्रंथात प्रत्येकाने काहीतरी उद्योग, हुन्नर, व्यवसाय करावा असं सांगितलं आहे आणि अशा कामाला उपासनेचा दर्जा दिला आहे. भीक मागायला मनाई आहे. यातला व्यवहार विक्रेत्याने नीट ध्यानात घ्यावा. ‘ताई, घ्या ना, सकाळपासून भवानी झाली नाही’ या सुरात इथे विकू नये. ‘गरीब बायकांनी केलंय, तेवढीच मदत’ हेही नको. वस्तू चांगली असेल तर ती हातात द्या, उलटी करून शिवण दाखवा. गिऱ्हाईक शिवण बघतंच. माझ्या पाहण्यात अशा प्रदर्शनांत वस्तू उलटून बघणारे लोक नेहमीच्या सेलपेक्षा जास्त असतात.

या परंपरेत थोर कारागीरही झाले. मिश्किन-कलम या नावाने ओळखला जाणारा इराणी सुलेखनकार बहाउल्लाह यांच्या काळातला. निर्वासन आणि कैद त्याने भोगली, अक्षरांतून कोंबडा आणि पाखरं उभी केली. 1905 मध्ये बहाई ग्रंथांच्या छपाईच्या कामासाठी तो भारतातही आला होता. पुढे 1912 मध्ये आताच्या इस्रायलमधल्या अक्का इथे वारला. अमेरिकेतला चित्रकार मार्क टोबी बहाई होता, आणि त्याच्या संगतीने 1940 मध्ये बहाई झालेला बर्नार्ड लीच हा विसाव्या शतकातल्या इंग्लंडचा सर्वांत नावाजलेला कुंभार. लीचच्या भट्टीतून शोभेच्या फुलदाण्या निघाल्या, तशी रोज वापरायची वाडगी, जग, झाकणाची भांडीही निघाली. ही शेवटची गोष्ट टेबल मांडणाऱ्यासाठी कामाची. वापरता येईल अशी वस्तू इथे जास्त खपते. भिंतीवरच्या फ्रेमपेक्षा दही लावायचं मातीचं भांडं आधी उचललं जातं.

आता अर्ज. बहाईंमध्ये पुरोहित नसतात, त्यामुळे ‘तुमच्या गुरुजींना विचारून सांगा’ असं म्हणायची सोय नाही. गावातलं कामकाज स्थानिक आध्यात्मिक सभा बघते. नऊ सभासद, दर वर्षी निवडणूक, उमेदवार नाहीत आणि प्रचारही नाही. प्रदर्शनासाठी ही सभा बहुधा एक समिती नेमते आणि निर्णय एकत्र बसून विचारविनिमयाने होतात. याचा तुमच्यापुरता अर्थ इतकाच की ओळखीच्या एका बाईंनी फोनवर ‘हो हो, या’ म्हटलं तरी तो निकाल नव्हे, आणि उत्तराला वेळ लागतो. समितीला लेखी कळवा: काय आणणार, किती जागा लागेल, विजेचा पॉइंट हवा का, मेणबत्त्या किंवा शेगडी पेटवून प्रात्यक्षिक करणार का. वस्तूंचे चार फोटो जोडा. एकदा ठरलं की मात्र ठरलं. आयत्या वेळी कुणा एकाला बाजूला घेऊन जागा बदलून मागण्याचा आपला नेहमीचा प्रयोग इथे चालत नाही, आणि केलात तर समोरचा माणूस खरोखर अडचणीत येतो.

तारखांचं गणित जाणून घेतलं तर मालाची तयारी सोपी जाते. बहाई पंचांगात 19 दिवसांचे 19 महिने असतात. वर्ष भरायला उरलेले चार किंवा पाच दिवस फेब्रुवारीच्या अखेरीस येतात, त्यांना अय्याम-ए-हा म्हणतात. भेटवस्तू देण्याचे, पाहुण्यांचे, गरजूंना मदत करण्याचे हे दिवस. त्यांच्या आधीचे दोन-तीन आठवडे हस्तकलेच्या विक्रीला उत्तम, मग तुम्ही पुण्यात असा की न्यू जर्सीत. त्यानंतर लगेच 19 दिवसांचे उपवास सुरू होतात, सूर्योदय ते सूर्यास्त, अन्नपाणी नाही, आणि ते 20-21 मार्चच्या सुमारास नवरोजला, म्हणजे बहाई नववर्षाला, संपतात. त्या काळात प्रदर्शन असलं तर शेजारच्या टेबलावरच्या बाईंना ‘एक तरी खा’ म्हणून आग्रह करू नका. खाद्यपदार्थ विकत असाल तर उपवासात टेबल घेऊच नका, सरळ तोटा आहे.

दुसरा हंगाम आपल्या दिवाळीचा. बाब (बहाउल्लाह यांचे अग्रदूत) आणि बहाउल्लाह यांचे जन्मदिवस लागोपाठ येतात: नवरोजनंतरच्या आठव्या अमावास्येनंतरचा पहिला आणि दुसरा दिवस. ही अमावास्या बहुतेक वर्षी आपली लक्ष्मीपूजनाचीच असते. 2024 मध्ये ते 2 आणि 3 नोव्हेंबरला आले, 2025 मध्ये 22 आणि 23 ऑक्टोबरला, म्हणजे दोन्ही वर्षी बरोबर पाडवा आणि भाऊबीज. अधिक महिना आला की मात्र कधीकधी महिनाभराचं अंतर पडतं, जसं 2023 मध्ये पडलं. तेव्हा दिवाळीच्या पणत्या आणि आकाशकंदील या प्रदर्शनालाही चालतील का, हे पंचांग आणि आयोजक दोघांना विचारून ठरवा. वर्षात नऊ पवित्र दिवस असे असतात की त्या दिवशी बहाई कामधंदा बंद ठेवतात. दिवस त्यांच्याकडे आदल्या संध्याकाळी सूर्यास्ताला सुरू होतो. त्यामुळे ‘आदल्या रात्री उशिरापर्यंत विक्री करू’ ही कल्पना समिती नाकारेल. तो त्यांच्या लेखी पवित्र दिवसच असतो.

आता ज्या बाबतीत चांगल्या मनाचे लोकही अडखळतात तो भाग, चित्रं आणि नाव.

बाब किंवा बहाउल्लाह यांचं चित्र काढायचं नाही, विकायचं नाही, टेबलावर ठेवायचं नाही. बहाई श्रद्धेनुसार ईश्वराचे अवतार अनेक झाले, त्यांत कृष्ण आणि बुद्ध, ख्रिस्तही येतात. या कुणाचंही चित्र किंवा नाट्यरूप बहाई स्वतः करत नाहीत, आदर म्हणून. तुम्ही बहाई नाही, तुमच्या देवघरातल्या कृष्णाबद्दल कुणाची तक्रार नसते. पण त्यांच्या हॉलात बाळकृष्णाची म्युरल्स मांडायची असतील तर आधी विचारा. सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा हा याचा नमुनेदार पेच. कारागिरी अव्वल, गोल पत्त्यांवर हाताने केलेलं रंगकाम बघत राहावं असं, आणि त्यावर अवतार. शिवाय पत्ते, आणि जुगार बहाईंना मना. समितीला फोटो पाठवला की उत्तर मिळेल. न विचारता मांडून नंतर उचलायला लागणं दोघांनाही कडू जातं. मी असते तर त्याच हाताने केलेल्या फुलापानांच्या लाकडी डब्या नेल्या असत्या आणि प्रश्नच मिटवला असता. बहाउल्लाह यांचे पुत्र अब्दुल बहा यांचे फोटो मात्र बहाई घरांत लावलेले दिसतात. म्हणून ते कपावर किंवा माउसपॅडवर छापावेत असं नाही.

बहाईंचं ‘महत्तम नाम’, म्हणजे ईश्वराचं पवित्र नाव, अरबी सुलेखनात लिहिलेलं सुंदर दिसतं आणि इंटरनेटवरून उतरवून घेणं सोपं असतं. उतरवू नका. ज्याला ती अक्षरं वाचता येत नाहीत त्याच्या हातून एखादी रेघ सुटते, टिंब सरकतं, आणि ज्यांच्यासाठी ते पवित्र आहे त्यांना ते पहिल्या नजरेत दिसतं. पायपुसणं, कोस्टर, बसायची उशी, फेकायचा कागदी कप, अशा ठिकाणी तर ते नकोच. धर्मवचनं देवनागरीत सुलेखन करून फ्रेम करायची असतील तर छापील अधिकृत मराठी अनुवाद आयोजकांकडून मागून घ्या, जसाच्या तसा उतरवा, स्वतःच्या शब्दांत सोपा करून लिहू नका. मोडी लिहिणाऱ्यांनी इथे हात सोडून काम करावं. मोडीचा सलग वळसा या लोकांना फार आवडतो. पण शेजारी लहान अक्षरांत देवनागरी हवीच, नाहीतर घेणारा काय टांगतोय हे त्यालाच कळणार नाही.

खुणेसाठी नऊ टोकांचा तारा बिनधास्त वापरा. अरबी अक्षरांना अंक देण्याच्या जुन्या अब्जद पद्धतीत ‘बहा’ या शब्दाची बेरीज नऊ होते, त्यावरून नऊ आला. दिल्लीच्या मंदिराला बाजू नऊ आणि दारंही नऊ. हॉलच्या दाराशी रांगोळी काढायचं काम बहुधा कुणातरी मराठी बाईंकडेच येतं आणि तिथे हा तारा रडवतो, कारण ठिपक्यांच्या रांगोळीच्या उभ्या-आडव्या ओळींत नऊ टोकं बसत नाहीत. काहीजणी आठ टोकं काढून मोकळ्या होतात. बघणारे मोजतात हो! 

तेव्हा हे असं करा. मध्यभागी खडू धरा, दोऱ्याने 30 सेंटीमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. जाड पुठ्ठ्याची साडेवीस सेंटीमीटर लांबीची पट्टी कापा. वर्तुळावर एक ठिपका द्या, पट्टीचं एक टोक त्यावर, दुसरं टोक जिथे वर्तुळाला टेकेल तिथे दुसरा ठिपका. असं फिरत गेलात की नवव्या ठिपक्यानंतर पट्टी पहिल्यावर येऊन मिळते. दोन-चार मिलिमीटरचा फरक पडला तर तो सगळ्या ठिपक्यांत थोडाथोडा वाटून टाका, एकाच फटीत दडपू नका. पहिला, चौथा, सातवा जोडा, एक त्रिकोण झाला. दुसरा, पाचवा, आठवा जोडला की दुसरा. तिसरा, सहावा, नववा जोडला की तारा पूर्ण. वर्तुळ मोठं हवं असेल तर त्रिज्येला 0.684 ने गुणा, तेवढी पट्टी कापा. त्रिकोण तीन वेगळ्या रंगांत भरले तर तारा कळतो. एकाच रंगात भरलात तर नुसतं दातेरी चाक दिसतं. वर्तुळ खडूनेच काढा, म्हणजे शेवटी पुसता येतं.

आता पैसे. इथे इतर धर्मादाय प्रदर्शनांपेक्षा रीत वेगळी आहे आणि ती न कळल्याने गोंधळ होतो.

बहाई निधीला देणगी फक्त बहाईच देऊ शकतात. इतरांकडून त्या निधीसाठी पैसा घेतला जात नाही, कितीही प्रेमाने दिला तरी. म्हणून ‘विक्रीतले दहा टक्के बहाई समाजाला’ अशी पाटी तुम्ही हौसेने लावलीत तर कुणीतरी येऊन हळूच ती उतरवायला सांगेल. रागावू नका, तुमचा पैसा नाकारण्यात अपमान नाही. बहाई विक्रेता स्वतःच्या कमाईतून काय देतो हा त्याचा खाजगी मामला, तो तुम्हाला सांगणारही नाही. तुम्हाला काही द्यायचंच असेल तर आयोजकांना विचारा: एखाद्या शाळेसाठी, रुग्णांसाठी, पूरग्रस्तांसाठी वेगळं काही चाललं आहे का? तसं असलं तर त्या कामाचं नाव पाटीवर स्पष्ट लिहा, टक्का लिहा आणि तेवढी रक्कम त्याच दिवशी पावती घेऊन द्या. मोघम ‘सामाजिक कार्यासाठी’ लिहिणं कुठेच बरं नाही, इथे तर नाहीच. टेबलाचं भाडं मागितलं तर ते हॉल, खुर्च्या, विजेसाठी असतं, ते बिनतक्रार भरा आणि पावती ठेवा.

लकी ड्रॉ, तिकिटं लावून तंबोला, ‘कूपन घ्या आणि पैठणी जिंका’ असलं काही सुचवू नका. जुगाराला मनाई आहे, म्हणून आयोजक अशा खेळांपासून लांबच राहतात. दारूचंही तेच, पिण्याला मनाई आहे. रम घातलेला केक आणि लिकर भरलेली चॉकलेटं घरी ठेवा. घरगुती खाद्यपदार्थ विकणाऱ्यांनी एफएसएसएआय नोंदणी क्रमांक, बनवल्याची तारीख आणि घटकपदार्थ पाकिटावर लिहावेत. हे कुठल्याही प्रदर्शनाला लागू आहे, पण लहान हॉलात ओळखीचे लोक असतात म्हणून आपण सैल सोडतो.

किंमत ठरवताना आपले लोक स्वतःचीच मजुरी खातात. समजा तुम्ही जुन्या सुती साड्यांची लहान बाळाची गोधडी केलीत. साडी घरची, पण अस्तराला 220 रुपये, दोऱ्याला 60. धावदोरा घालायला 14 तास गेले, तासाला 70 रुपये धरले तर 980. झाले 1260. रिक्षा, टेबलाचं भाडं, पिशव्या यांचा वाटा 100 धरा. 1360 खाली विकलीत तर खिशातून गेले. तरी आपण पाटी लावतो 800ची, कारण शेजारच्या दुकानात मशीनची रजई 900ला मिळते. मशीनच्या रजईशी बरोबरी करायचीच नाही. 1400 लिहा, शेजारी कागदावर लिहा की सगळे टाके हाताचे आहेत आणि किती तास लागले. काम म्हणजे उपासना असं मानणाऱ्या लोकांपुढे तासांचा हिशेब मांडायला लाजू नये. घासाघीस झालीच तर हसून ‘किंमत ठरलेली आहे’ म्हणा. सगळ्यांना 1400ची गोधडी परवडणार नाही, म्हणून त्याच चिंध्यांतून केलेली 80 रुपयांची भांडी धरायची फडकी, 150च्या कुंच्या सोबत ठेवा. छोट्या वस्तूंनी हॉलचं भाडं निघतं, मोठ्या वस्तूने तुमची ओळख होते.

टेबल बहुधा सहा फुटांचं मिळतं, रुंदीला अडीच फूट. घरी जमिनीवर तेवढीच चौकट चिकटपट्टीने आखून आदल्या दिवशी मांडून बघा. टेबलक्लॉथ जमिनीपर्यंत सोडा, खाली रिकामी खोकी लपतात. सगळं सपाट मांडलं तर लांबून फक्त कापडाचा ढीग दिसतो, म्हणून मागच्या बाजूला खोके उलटे ठेवून उंची करा. नाजूक वस्तू कडेपासून वीतभर आत घ्या, कारण या प्रदर्शनांत मुलं फार असतात आणि कुणी त्यांना हटकत नाही. एक वस्तू अशी ठेवाच की मुलांना हात लावता येईल. प्रत्येक वस्तूला किंमतीची चिठ्ठी हवी. ‘विचारा’ लिहिलं की अर्धे लोक विचारत नाहीत. 10, 20 आणि 50च्या नोटा सुट्ट्या आणा. यूपीआयचा क्यूआर कोड छापील ठेवा, पण तळमजल्यावरच्या हॉलात नेटवर्क हमखास रुसतं, तेव्हा विकलेल्या वस्तूची वहीत नोंद करा आणि पैसे आल्याचा संदेश दिसल्याशिवाय मोठी वस्तू हातची सोडू नका. सोडलीत तर निदान नंबर घ्या.

सुरुवात बहुधा प्रार्थनेने होते. वेगवेगळ्या भाषांतल्या, कधी वेगवेगळ्या धर्मांच्या प्रार्थना एकामागून एक म्हटल्या जातात, बाकीचे गप्प बसून ऐकतात. तेवढा वेळ पिशव्यांची खुसफुस आणि फोन बंद. कुणी तुम्हालाही म्हणायला सांगेल. एखादी ओवी, भूपाळी, दुआ, जे तुमचं ते म्हणा, नसेल म्हणायचं तर नुसतं हात जोडून नको म्हणा, पुन्हा विचारणार नाहीत.

दिवसभरात दोन विषय टाळलेत तर तुमचीच सोय होईल. एक पक्षीय राजकारण. बहाई त्यात पडत नाहीत, निवडणुकीच्या गप्पांना समोरून नुसतं हसू मिळतं. दुसरा विषय म्हणजे पाठीमागे बोलणं. परनिंदेवर त्यांच्याकडे फार कडक बोललं गेलं आहे. शेजारच्या टेबलावरचे कानातले चिनी माल आहेत हे तुम्हाला दिसलं, खात्री असली तरी गिऱ्हाइकापाशी बोलू नका. समितीला सांगा, तेही एकदाच. बाकी सगळ्या प्रदर्शनांत हे बोलणं म्हणजे करमणूक असते हे मला माहीत आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

विक्रीपेक्षा प्रात्यक्षिक जास्त माणसं आणतं. बहाई समाजात मुलांचे बालवर्ग आणि साधारण 12 ते 14 वर्षांच्या किशोरांचे गट नेमाने चालतात, त्यातली पोरं प्रदर्शनाला असतातच. त्यांना समोर बसवा. वारली शिकवत असाल तर गेरू लावलेल्या कागदाचे तुकडे आधीच कापून आणा. पांढरा पोस्टर रंग पाण्यात पातळ करून काडीच्या टोकाने दोन त्रिकोण जोडायला लावा. पहिल्या माणसाचे पाय सगळ्यांचेच लटपटतात, तो कागद फेकू देऊ नका, त्याच्या शेजारी दुसरा काढायला सांगा. अर्ध्या तासात आई शोधत येते आणि टेबलासमोर उभी राहते. तिला काही विकायला जाऊ नका. तीच विचारेल.

फोटो काढताना विचारून काढा, मुलांचे तर आईवडिलांना विचारूनच. सुलेखनाच्या फ्रेमचा फोटो समाजमाध्यमावर टाकताना खाली वचन बरोबर लिहिलं आहे ना ते तपासा.

आवरताना घाई होते आणि तिथेच वस्तू फुटतात, तेव्हा आणलेली खोकी आणि वर्तमानपत्र जपून ठेवा. टेबल पुसा, रांगोळी झाडा, खुर्च्या लावायला हात लावा. आयोजकांपैकी बहुतेकजण नोकरी सांभाळून हे करणारे असतात, पगारी माणूस कुणी नसतो. कुणी ऑर्डर दिली असेल तर नाव, रंग, माप आणि ‘कधीपर्यंत’ हे चारही वहीत आहेत ना बघा, आणि आगाऊ घेतलेल्या रकमेची चिठ्ठी देऊन ठेवा. बाळाच्या गोधडीची ऑर्डर असेल तर बारशाची तारीख विचारा आणि तिच्या आठवडाभर आधी द्या, कारण धुऊन वाळवायलाही त्यांना दिवस लागतात.